तिसरी वायर

९ जानेवारी

कानाच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. "आवाज कधी येतो, किती वेळ टिकतो, तेव्हा तुम्ही काय करत होतात, सगळं लिहून आणा." मी म्हटलं, डॉक्टर, जन्मभर दुसऱ्यांचे आवाज सांभाळले, आता स्वतःच्या कानातला सांभाळायची पाळी आली. ते हसले नाहीत. डॉक्टर लोकांना हसायचं वेगळं शिकवायला हवं.

ही म्हणाली, "लग्न झाल्यापासून साधी सामानाची यादी लिहिली नाहीत, आता रोजनिशी लिहिणार!"

तर लिहितो. आवाज असा: घूं. कोणी तोंड मिटून एकच सूर धरून बसावं तसा. आज सकाळी दाढी करताना चार मिनिटं. दुपारी दुकानात दहा मिनिटं. दुकान म्हणजे माइक-स्पीकर भाड्याने देण्याचं. भाषणं, शाळांचे बक्षीस समारंभ, असलं सगळं. संध्याकाळी जेवताना पुन्हा आला. तेव्हा दादानं घास हातात धरून मान वर केली. दादा, माझा थोरला भाऊ, आमच्याकडेच असतो. त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही, दहा वर्षं गिटार गळ्यात घालून ॲम्प्लिफायरला टेकून उभं राहिल्याचं फळ. मी विचारलं, "काय रे?"

"काही नाही," म्हणाला आणि जेवायला लागला.

१४ जानेवारी

आज दिग्दर्शकबाई घरी आल्या. पस्तिशीच्या असतील. आमच्या बँडवर चित्रपट काढताहेत. माहितीपट नव्हे, नटनट्या घेऊन खराखुरा चित्रपट: चार पोरं एका गॅरेजमध्ये सुरुवात करतात, तीन वर्षांत मैदानं भरायला लागतात आणि शेवटच्या कार्यक्रमात सगळं संपतं.

चार पोरं म्हणजे भोंगा, दादा, ड्रमवाला आणि बेसवाला. भोंगा गायचा आणि गिटारही वाजवायचा. त्याचा आवाज असा की माइक नसला तरी मागच्या रांगेला ऐकू जावा, म्हणून भोंगा. ड्रमवाला आणि बेसवाला नंतर परदेशी गेले, त्यांचं काही कळत नाही. मी पाचवा. फोटोत नसणारा. साउंड माझ्याकडे. मला सगळे कानसेन म्हणायचे.

बाईंनी मला विचारलं, "काका, सल्लागार म्हणून याल? तुम्ही तिथे होतात." मी एका पायावर तयार झालो. आता वाटतं, जरा विचार करून सांगतो म्हणायला हवं होतं.

दादाची परवानगी हवी होती, कारण शेवटच्या प्रसंगात त्याचंच काम आहे. बाई बिचाऱ्या शब्द जुळवत होत्या. दादा म्हणाला, "अवघडू नका. माझा ग्लास होता, माझ्या लाथेनं सांडला, पाणी विजेच्या बोर्डात गेलं आणि भोंगा गेला. खरं तेच दाखवा." कागद न वाचता सही केली. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि पाणी प्यायला. तिथेच, उभ्यानं, स्टीलच्या पेल्यातून, आणि ओटा पुसून बाहेर आला. बत्तीस वर्षं असंच. बाहेरच्या खोलीत पाण्याचा थेंब आणू देत नाही. पाहुणे आले की आमची पंचाईत, चहासुद्धा त्याच्या नजरेसमोर जपून प्यावा लागतो. बाईंनी टेबलावर पाण्याची बाटली ठेवली तर यानं ती उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली.

जाता जाता बाई म्हणाल्या, "भोंग्याचा ॲम्प्लिफायर तुमच्याकडे आहे असं ऐकलं. खरा तोच वापरायचा आहे. चालू होईल ना?"

मी म्हटलं, होईल.

१५ जानेवारी

माळ्यावरून ॲम्प काढला. चादरीत गुंडाळून ठेवला होता. भोंगा गेल्यावर त्याच्या आईनं मला दिला होता. "तूच सांभाळ, तुझा फार जीव होता त्याच्यावर," म्हणाली होती माउली. तेव्हापासून मी तो एकदाही चालू केलेला नाही आणि टाकूनही दिला नाही.

खाली आणताना घूं आली. हात ठेवला तर लाकूड हाताखाली थरथरत होतं. प्लग माझ्या दुसऱ्या हातात लोंबत होता, कुठेही लावलेला नव्हता. डॉक्टरसाहेब, हे तुमच्या माहितीसाठी. अंदाजे तीन मिनिटं.

हिला हाक मारली. "काही ऐकू येतंय का गं?" ही म्हणाली, "तुमची धाप."

२३ जानेवारी

सेटवर पहिला दिवस. एका जुन्या गोदामात त्यांनी आमचं गॅरेज उभं केलंय. मी दारातच थबकलो. भिंतीवरचा तेलाचा डाग, अंड्यांचे ट्रे ठोकलेली आतली बाजू, मोडक्या खुर्चीला बांधलेली दोरी, सगळं जिथल्या तिथे. फोटो बघून केलं म्हणतात. पण खुर्चीची दोरी निळी होती हे काळ्यापांढऱ्या फोटोत कसं दिसलं, ते मी विचारलं नाही. उगाच कशाला.

भोंग्याचं काम करणारा नट बरा आहे. दिसायला अजिबात तसा नाही, पण खांदे पाडून उभा राहतो तेव्हा तोच वाटतो. मला "काका, तो कसा होता?" विचारलं. मी सांगितलं, "आळशी, खादाड, आणि माइकसमोर देवमाणूस." शेवटच्या वर्षी गाण्यांवर नाव कुणाचं लावायचं यावरून त्याचं आणि दादाचं बिनसलं. एकमेकांशी बोलायचे नाहीत. शेजारी उभे राहून माझ्याकरवी बोलायचे. "कानसेन, त्याला सांग सूर उतरलाय." "कानसेन, त्याला सांग कान तपासून घे." मी मधल्यामधे टपाल खातं.

इथली साउंड रेकॉर्डिस्ट एक शांत बाई आहे, चाळिशीची, केस बांधून कायम हेडफोन घातलेली. तिची एक पद्धत आहे. प्रत्येक जागचं काम संपलं की ती सगळ्यांना जागच्या जागी उभं करते आणि अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, नंतर जोडाजोडी करताना लागते. साठ माणसं अर्धा मिनिट पुतळ्यासारखी उभी. कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. मला मजा वाटली.

२४ जानेवारी

मजा गेली. रेकॉर्डिस्टबाईंनी मला बोलावून कानाला हेडफोन लावले. "काका, ही कालची शांतता. ऐका."

घूं.

म्हणजे ती माझ्या कानात नाही. मला आधी हायसं वाटलं, खरंच सांगतो. म्हटलं, चला, डॉक्टरचा खर्च वाचला. मग त्या म्हणाल्या, "सेटवरची सगळी वीज मी बंद करायला लावली होती. तुमचा ॲम्प तर अजून खोक्यातच होता. आणि विजेची घूं एका ठराविक सुराची असते, ही त्याहून जरा वर आहे. मध्येच एकदा थांबते, बघा. श्वास घ्यायला थांबल्यासारखी."

मी म्हटलं, "कोणीतरी गुणगुणत असेल."

"साठ जणांना विचारलं," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाआधी भोंगा तोंड मिटून असाच सूर धरायचा. घसा तापवायला. मी हे त्यांना सांगितलं नाही.

३० जानेवारी

घरी. काल दुपारी झोपलो होतो. ही म्हणते, मी झोपेतून उठून स्वयंपाकघरात गेलो, मिक्सरचा प्लग काढला आणि खाली मांडी घालून स्क्रूड्रायव्हरने तो उघडायला लागलो. हिने विचारलं तर म्हणे मी म्हणालो, "घूं येतेय, पाच मिनिटांत घालवतो." डोळे उघडे होते म्हणे. मला यातलं अक्षर आठवत नाही. ही लोकांना सांगत सुटेल आता. "अहो, निदान झोपेत तरी दुकान बंद ठेवा," म्हणाली.

हसलो. पण प्लग खरोखर उघडलेला होता.

२ फेब्रुवारी

शेवटच्या प्रसंगाची पानं वाचायला दिली. दृश्य असं: कार्यक्रम रंगात आलाय. भोंगा दादाकडे बघून काहीतरी खोचक बोलतो. दादा रागाने पाऊल आपटतो, ग्लास लाथेनं उडतो, पाणी विजेच्या बोर्डावर. भोंग्याचा एक हात गिटारच्या तारांवर, ओठ माइकवर. अंधार. शेवटी पडद्यावर अक्षरं: गिटारवादकाने पुन्हा कधीही गिटार हातात घेतली नाही.

चांगलं लिहिलंय. अंगावर काटा आला. चित्रपट चालला तर पुढची शंभर वर्षं लोक हेच बघतील. बाईंनी विचारलं, "काही चुकलंय का, काका?"

मी म्हटलं, "ग्लास जरा मोठा होता."

रेकॉर्डिस्टबाई आज ॲम्प तपासत होत्या. चालू केल्याबरोबर घूं, आता सगळ्या सेटला ऐकू येईल अशी. मी त्यांना जुन्या काळची गंमत सांगितली. वहीतही लिहितो, डॉक्टरांच्या ज्ञानात भर. प्लगमध्ये तीन वायरी. दोन वीज आणतात-नेतात. तिसरी जमिनीत जाते. यंत्रात काही बिघाड झाला, वीज पत्र्याच्या अंगात उतरली, तर ती तिसऱ्या वायरीतून मुकाट जमिनीत जाते, माणसाच्या अंगातून नाही. आता दोन-चार यंत्रं एकत्र जोडली की याच तिसऱ्या वायरीमुळे कधीकधी घूं येते. मग आमच्या वेळचे साउंडवाले काय करायचे, प्लग उघडायचा, तिसरी वायर कापायची, टोकाला काळी टेप गुंडाळायची. घूं एका क्षणात गायब. सगळेच करायचे. वाहवा मिळायची.

रेकॉर्डिस्टबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे काका, घूं येतेय तोवर माणूस सुरक्षित. ती थांबली की भ्यायचं."

या सेटवर कोणालाच हसायचं शिकवलेलं नाही.

६ फेब्रुवारी

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

नटाचा माइक तपासत होते. त्याने माइक हातात घेतला, टिचकी मारली नाही, "एक दोन तीन" म्हटलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मी आहे का?"

हे भोंग्याचं. फक्त त्याचं. माझा आवाज येतोय का, एवढं लांबलचक तो कधी विचारायचा नाही. माइक हातात घेऊन मला शोधायचा आणि विचारायचा, "मी आहे का?" मी साउंडच्या मिक्सरमागून ओरडायचो, "आहेस!" आणि मगच तो पहिलं गाणं सुरू करायचा. पानांत हे कुठेही नाही. मी कोणालाही सांगितलेलं नाही.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, कुठून शिकलास? दादाला भेटलास का? तो गोंधळला. "नाही हो काका. आलं तोंडात. चुकलं का?"

मी म्हटलं, चुकलं नाही. थांबला होता तो, उत्तराची वाट बघत. मी दिलं नाही.

१० फेब्रुवारी

दादाने हट्ट धरला, तालीम बघायला येतो. बत्तीस वर्षांत हा माणूस घराबाहेर पडला तर औषधाच्या दुकानापर्यंत. ही म्हणाली, "भावोजी येताहेत तर न्या ना, तुमचं काय जातं?" माझं काय जातं!

नेलं. खुर्ची दिली. समोर पोरसवदा नट दादा बनून गिटार वाजवतोय आणि खरा दादा हात मांडीवर ठेवून बघतोय. ग्लासची लाथ आली. पाणी उडालं. भोंगा झालेला नट कोसळला.

दादा उठला, पुढे गेला. मला वाटलं रडेल. तो आपलं काम करणाऱ्या नटाला म्हणाला, "उजव्या पायानं. डावा मी टेकून ठेवायचो." त्याने स्वतः करून दाखवलं. कुठे उभा होतो, ग्लास कुठे होता, किती जोरात लागलं. चार वेळा करून दाखवलं. "अजून जोरात," म्हणाला, "एवढा राग होता."

परत येताना गाडीत म्हणाला, "बरं वाटलं रे. खरं तेच होतंय." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तू नसतास तर मी कधीच जीव दिला असता. तू एका शब्दानंही मला बोलला नाहीस."

मी आरशात बघून गाडी चालवत होतो. मागे कोणी नव्हतं. घूं होती.

११ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमानं लिहितो.

आज शेवटचा प्रसंग घ्यायचा होता. तीनशे माणसं प्रेक्षक म्हणून आणली होती. बाईंना सगळं खरं हवं, म्हणून नट खरंच गाणार, ॲम्प खरा, चित्रात दिसणारा लाकडी बोर्डसुद्धा आमच्या वेळेसारखा, नव्या पद्धतीची आपोआप बंद होणारी बटणं त्यात नाहीत. पाणी नाटकी, वेगळ्या, वीज नसलेल्या बोर्डावर पडणार, म्हणून धोका नाही म्हणाले.

सकाळपासून घूं इतकी की बाई वैतागल्या. रेकॉर्डिस्टबाई म्हणाल्या, असू द्या, नंतर काढता येईल. बाई ऐकेनात. "काका, तुमच्याकडे काही उपाय?" मी म्हटलं, नाही. नाही म्हटलं होतं मी. हे महत्त्वाचं आहे.

जेवणानंतर स्टेजमागे खुर्चीत डोळा लागला. अर्धा तास असेल. जाग आली ती शांततेनं. घूं नव्हती. कानात नव्हती, सेटवर नव्हती, कुठेच नव्हती. बाहेर टाळ्या वाजत होत्या. बाईंचा सहायक मला बघून म्हणाला, "मानलं काका! पाच मिनिटांत घालवलीत."

मी म्हटलं, कोणी?

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

बोटं चिकट लागत होती. कटर माझ्या खिशात होतं, पण ते नेहमीच असतं. मी झोपलो होतो. झोपलोच होतो.

ॲम्पच्या मागे गेलो. प्लग बघितला. तिसरी वायर कापलेली, टोकाला काळी टेप. टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं, म्हणजे पुढच्या वेळी नखानं शोधत बसायला नको. असं टोक मी दुमडतो. दुसऱ्या कोणा साउंडवाल्याला मी असं करताना बघितलेलं नाही. खिशातला टेस्टर ॲम्पच्या पत्र्याला लावला. दिवा पेटला. लख्ख.

स्टेजवर नट गिटार गळ्यात घालून माइककडे चालला होता. डावा हात ॲम्पला जोडलेल्या तारांवर, ओठ माइकला लागायचा अवकाश. मला बघून थांबला. हसला. "मी आहे का?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते नंतर बाईंनी सांगितलं, "नको, नको, नको" असं. पळत जाऊन मुख्य खटका ओढला. तीनशे माणसं अंधारात. कोणीतरी बॅटरी लावली. बाई संतापून आल्या, काका काय हे, सगळा शॉट घालवलात. रेकॉर्डिस्टबाई खाली बसून प्लग बघत होत्या. त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणू शकलो असतो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "मी केलं. बत्तीस वर्षांपूर्वी."

मग सगळं बाहेर पडलं. भोंगा त्या दिवशी म्हणाला होता, कानसेन, ही घूं घालव नाहीतर मी गाणार नाही. मी घालवली. त्यानं विचारलं, मी आहे का? मी ओरडलो, आहेस! दोन गाण्यांनंतर ॲम्पच्या पत्र्यात वीज उतरली, तिला जायला तिसरी वायर नव्हती, आणि तो पडला. ग्लास सांडला होता, पण तो पडल्यानंतर, गडबडीत, कोणाच्या तरी पायानं. पाणी बोर्डापासून हातभर लांब होतं. मी बघितलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मीच आधी म्हणालो, ग्लास सांडला होता. खोटं नव्हतं ते. दादा म्हणाला, माझा ग्लास, मीच लाथ मारली असणार. बस, एवढंच. पुढचं सगळं त्यानंच जुळवलं, राग, उजवा पाय. मी कधी "हो" म्हटलं नाही. मी नुसता गप्प बसलो.

नट गिटार गळ्यातून काढून जमिनीवर ठेवत होता, इतकी हळू, जणू तिला झोप लागलीय.

तेच, संध्याकाळ

घरी आलो. दादा बाहेरच्या खोलीत होता. हिला म्हटलं तू पण बस. दोघांना सांगितलं.

दादा ऐकत होता. डावा कान माझ्याकडे करून. सांगून झालं. मग त्यानं विचारलं. "पोलिसांनी सगळ्या वायरी तपासल्या होत्या. तुझी तिसरी वायर शाबूत होती. कशी?"

"मी परत जोडली. ते यायच्या आधी."

"कधी?"

"सगळे त्याच्याभोवती होते तेव्हा."

"मी कुठे होतो?"

त्याला माहीत होतं, तरी माझ्या तोंडून हवं होतं. म्हणालो, "तू त्याच्या छातीवर दाब देत होतास. मला हाका मारत होतास, ये म्हणून, आळीपाळीनं दाबू म्हणून."

"आणि तू स्क्रू पिळत होतास."

"हो."

ही तोंडाला पदर लावून आत गेली. दादा उठला. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. तो स्वयंपाकघरात गेला, कपाटातला काचेचा ग्लास काढला, काठोकाठ भरला, दोन्ही हातांनी बाहेर आणला आणि टीव्हीशेजारी, बटणांच्या बोर्डाला चिकटून ठेवला. त्याच्या हातून थोडं सांडलं. त्यानं पुसलं नाही. समोर बसून बघत राहिला, पाणी काय करतं ते.

पाण्यानं काहीच केलं नाही.

१२ फेब्रुवारी

बाईंचा फोन आला. शेवटचा प्रसंग बदलताहेत. आता पाचवा माणूसही येणार, फोटोत नसणारा. कागदावर माझी सही लागेल. देईन म्हटलं. ॲम्प परत पाठवू का विचारलं. मी म्हटलं, वायर जोडून, कुठे लोक बघतील अशा जागी ठेवा.

दादा सकाळीच गेला. हिला सांगून गेला, मला नाही. कुठे ते हिला माहीत आहे आणि ती मला सांगत नाही. कपडे नेले, औषधं नेली, आणि ही म्हणते, दुकानाच्या मागच्या खोलीतून त्याची जुनी गिटार मागून नेली. तार नव्हती एकही. ग्लास तसाच आहे. कोणी हलवलेला नाही. मीही नाही.

घरातला प्रत्येक प्लग उघडून बघितला. मिक्सर, फ्रिज, इस्त्री, पंखा. सगळीकडे तिसरी वायर जागेवर. तरीही घूं नाही. कालपासून एकदाही नाही. डॉक्टरसाहेब, आजार बरा झाला, वही तुमची तुम्हाला परत. इतकी शांतता या घरात कधी नव्हती. रेकॉर्डिस्टबाईंचं ते वाक्य डोक्यातून जात नाही: ती थांबली की भ्यायचं.

आत्ता दादाच्या खोलीत बसलोय. पलंगावरची चादर त्यानं घडी घालून ठेवली आहे. भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू, मी विचारलं, "मी आहे का?"

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "कोण आहे?"